पहिलं ऑस्कर मिळवलेला 'विंग्ज' (१९२७) मी फोनवर बघायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. लोकांना यात एवढं काय दिसतं?

फोनवर बघितलात तिथेच निम्मा सिनेमा गेला. उरलेला निम्मा अर्ध्यात सोडल्यामुळे गेला. या सिनेमावरून आम्हा दोन भावांचं वाजलं होतं, ते अजून मिटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. 'विंग्ज' म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ वैमानिकांवरचा मूकपट.

आमचे अण्णा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे कारागीर होते. १९५२ साली भरती झाले, सुरुवातीची वर्षं टायगर मॉथ या दोन मजली पंखांच्या शिकाऊ विमानावर गेली. लाकडी पंखांवर ताणलेलं कापड, त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे हात, वरच्या-खालच्या पंखांमध्ये तारा. त्या तारांचा ताण बघायची सवय इतकी मुरलेली की म्हातारपणी अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेलाही जाता-येता बोट लावून बघायचे.

२०१२ मध्ये पॅरामाउंटने 'विंग्ज'ची दुरुस्त केलेली प्रत काढली. मी डिस्क मागवली आणि दिवाळीत साताऱ्याला सगळे जमलो तेव्हा टीव्हीवर लावली. अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे. दादा बरीच वर्षं फिल्म सोसायटीत जाणारा. पहिल्याच उड्डाणाला तो म्हणाला, "स्टुडिओत विमान टांगायचं आणि मागे पडदा फिरवायचा, सगळी ट्रिक."

अण्णा दोन शॉट गप्प बसले. मग म्हणाले, "त्याचे गाल बघ. विमानाच्या पंख्याचा वारा तोंडावर आल्याशिवाय असे गाल हलत नाहीत. आणि मागची जमीन तिरकी होतेय ती बघ."

अण्णांचंच बरोबर होतं. मोटरवर चालणारे कॅमेरे खरोखरच विमानांवर बसवले होते. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळ हे चित्रण झालं. कॅमेरा सुरू झाला की दुसऱ्या कॉकपिटमधला वैमानिक खाली वाकून लपायचा आणि पडद्यावर नट एकटाच दिसायचा. दोन नायकांपैकी डेव्हिड झालेल्या रिचर्ड आर्लेनला उडवता येत होतं, जॅक झालेला चार्ल्स रॉजर्स चित्रण चालू असताना शिकला. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढाऊ विमान चालवलेला माणूस. आकाश निरभ्र असलं की तो हवाई लढाई चित्रित करायचा नाही, कारण ढग नसले तर विमान किती वेगात आहे ते पडद्यावर कळतच नाही. पगारी माणसं आणि विमानं ताटकळत ठेवून तो ढगांची वाट बघत बसला, स्टुडिओचा संताप ओढवून घेतला, पण हटला नाही. डिक ग्रेस नावाच्या स्टंट वैमानिकाने ठरवून विमान आपटलं आणि त्यात त्याची मान मोडली. याला ट्रिक म्हणायचं?

ज्वाळांच्या रंगावरूनही दादाने तेच केलं. म्हणाला, हे आत्ता कॉम्प्युटरवर रंगवलंय. १९२७ च्या मूळ प्रतींमध्येच बंदुकांच्या आणि जळत्या विमानांच्या ज्वाळा रंगवलेल्या होत्या, नव्या प्रतीत त्या परत आणल्या एवढंच.

मग गॅरी कूपरचा प्रसंग आला. तो शिकाऊ वैमानिकांच्या तंबूत येतो, चॉकलेटचा एक घास घेतो, उरलेलं तिथेच टाकून उड्डाणाला जातो आणि मरतो. खाटेवर अर्धं चॉकलेट राहतं. दादा त्यावेळी मोठमोठ्याने सांगत होता की त्या वर्षीचा खरा सिनेमा 'सनराइज', 'विंग्ज'ला मिळालं ते भपक्याचं बक्षीस. मग त्याने रिमोट घेऊन क्रिकेट लावलं. अण्णा उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी आणि मी उरलेला सिनेमा बघितला. (शेवट सांगतोय, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

डेव्हिड जर्मनांचं विमान पळवून परत येत असतो आणि त्याचाच मित्र जॅक शत्रू समजून त्याला पाडतो. मित्राच्या मिठीत डेव्हिडचा जीव जातो, तेव्हा पडद्यावर विमानाचा पंखा हळूहळू थांबताना दिसतो. अण्णांनी तो शॉट परत लावायला सांगितला, मग आणखी एकदा. नंतर म्हणाले, "एका सकाळी मी फॉर्म ७०० वर, म्हणजे विमान उडायला ठीक असल्याच्या कागदावर, सही करून एक मशीन सोडलं होतं. ते परत आलं नाही. चौकशीत माझ्या कामात काही निघालं नाही. पण मी संध्याकाळपर्यंत तिथेच उभा होतो." हे आईलाही माहीत नव्हतं.

दादाला मी हे सांगितलं, तर म्हणाला, "ते अण्णांचं झालं, सिनेमाचं काय?" मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. तो शॉट ज्याने घेतला त्याने थांबलेले पंखे जवळून बघितले होते, म्हणूनच कित्येक वर्षांपूर्वीची ती सकाळ एका फिटरला आठवली. कारागिराने ओळखलेलं काम खोटं नसतं. 'सनराइज' उत्तम आहेच, त्यालाही त्याच समारंभात वेगळा मान मिळाला. पण म्हणून 'विंग्ज'ला भपका म्हणायचं कारण नाही.

आता तुमच्या बाजूने. प्रेमाची गोष्ट पातळ आहे. पॅरिसमध्ये जॅकला दारूच्या नशेत बुडबुडे दिसतात तो भाग फार ताणलाय, पण त्याआधी टेबलांमधून सरकत जाणारा कॅमेरा चुकवू नका. जर्मन आडनावाच्या विनोदी पात्राचे विनोद शिळे झालेत. नायिका क्लारा बो सगळ्यांत जिवंत आहे आणि तिलाच काम कमी दिलंय.

बघाल ती दुरुस्त केलेलीच प्रत बघा. वाद्यवृंद आणि इंजिनांचे आवाज असलेला ट्रॅक लावा, घरातल्या सगळ्यांत मोठ्या पडद्यावर. अडीच तास हाताशी ठेवा आणि वेग वाढवू नका. सोडलात तिथून पुढे लावू नका, पहिल्यापासून बघा. आणि चॉकलेटच्या प्रसंगाला कोणी बोलत असेल, तर सिनेमा थांबवा, त्याचं बोलणं संपू द्या आणि तो प्रसंग परत लावा.