वाचकांचे प्रश्न : ग्रीक आणि हिब्रू मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये

प्रश्न : जुन्या प्रबंधाची वर्ड फाइल नव्या संगणकावर उघडली, तर ग्रीक अवतरणांच्या जागी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. हिब्रूचीही तीच गत. बरेच फॉन्ट बदलून पाहिले, फरक पडला नाही. मजकूर खराब झाला आहे का?

उत्तर : मजकूर शाबूत आहे, पण त्या फाइलमध्ये ग्रीक अक्षरे मुळात नाहीतच. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत) रुळण्याआधी अभ्यासक एसपी आयॉनिक, एसपी टायबेरियन यांसारखे फॉन्ट वापरत. त्यांत इंग्रजी ‘ए’च्या जागेवर अल्फाचे चित्र बसवलेले असे. फाइलमध्ये साठत होता ‘ए’च. तो फॉन्ट संगणकावर नसला की चित्र जाते आणि ‘ए’ उरतो. जुन्या शिवाजी किंवा श्रीलिपी फॉन्टमधला मराठी मजकूर दुसरीकडे उघडल्यावर जे होते, तेच हे.

काहीही दुरुस्त करण्याआधी अक्षराचा क्रमांक पाहा. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, कर्सर अक्षरानंतर ठेवा (हिब्रूत म्हणजे अक्षराच्या डावीकडे) आणि आल्ट व एक्स एकत्र दाबा. वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर या दोन्हींत अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक येतो. पुन्हा दाबले की अक्षर परत दिसते. क्रमांक ०३ किंवा १एफ ने सुरू होत असेल तर ते खरे ग्रीक आणि ०५ ने होत असेल तर खरे हिब्रू. अशा वेळी दोष फॉन्टचा किंवा दिशेचा असतो. ०० ने सुरू होत असेल तर मजकूर जुन्या पद्धतीचा आहे आणि त्याचे रूपांतर करण्यावाचून मार्ग नाही.

रूपांतरासाठी नेमक्या त्याच जुन्या फॉन्टचा तक्ता असलेले साधन लागते. एका फॉन्टचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही, कारण स्वराघात आणि श्वासचिन्हे (शब्दारंभीच्या स्वराआधी ‘ह’ उच्चारायचा की नाही, हे सांगणाऱ्या खुणा) प्रत्येकाने वेगवेगळ्या कळांवर ठेवली होती. जुना फॉन्ट मिळाला तर तो बसवून आधी मूळ फाइलची पीडीएफ करून ठेवा, कारण नंतर ताडून पाहायला दुसरे काही नसते. रूपांतर फक्त त्या फॉन्टमधल्या मजकुरावर चालवा. वर्डच्या शोध-पेटीत फॉरमॅटमधून फॉन्ट निवडला की तेवढाच मजकूर सापडतो. रूपांतरानंतर ग्रीकमध्ये शब्दान्तीचा सिग्मा (ग्रीक ‘स’चे शब्दाच्या शेवटी येणारे वेगळे रूप), स्वराखालचा आयोटा आणि मोठ्या अक्षरांवरची श्वासचिन्हे डोळ्यांनी तपासा. हिब्रूत आणखी एक अडचण असते. जुने टंकलेखन बहुधा डोळ्यांना दिसते त्या क्रमाने, म्हणजे डावीकडून उजवीकडे केलेले असे. त्यामुळे रूपांतरात अक्षरांचा क्रम उलटावा लागतो, आणि अवतरण दोन ओळींत मोडलेले असेल तर ओळींचीही अदलाबदल झालेली असू शकते. तिथे मूळ ग्रंथ शेजारी ठेवूनच काम करा.

प्रश्न : मराठी लेखात हिब्रू शब्द टाकले आहेत. मराठीचा फॉन्ट किंवा आकार बदलला की हिब्रूचाही बदलतो, आणि स्वरचिन्हे अक्षरांपासून सुटून बाजूला जातात. ग्रीकला मात्र काही होत नाही. असे का?

उत्तर : वर्ड प्रत्येक मजकुरासाठी एकच फॉन्ट ठेवत नाही. फॉन्टची चौकट (कंट्रोल व डी) उघडली की लॅटिनसाठी एक रकाना आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी दुसरा दिसतो. ग्रीक पहिल्या रकान्यात मोडते. देवनागरी आणि हिब्रू या दोन्ही दुसऱ्यात. म्हणून मराठीसाठी मंगल निवडला की हिब्रूलाही मंगलच लागू होतो. मंगलमध्ये हिब्रू अक्षरे नाहीत, मग वर्ड आपल्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतो. तो स्वरचिन्हे नीट बसवणारा असेलच असे नाही. लिब्रेऑफिसमध्येही हीच विभागणी आहे. तिथे या गटाला ‘सीटीएल’ (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) म्हणतात. इंग्रजी लेखांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे दुसरा रकाना हिब्रूला मोकळा असतो. मराठीत लिहिणाऱ्याला ती हमखास येते.

उपाय एकच, आणि तो लेखाच्या सुरुवातीलाच करावा : हिब्रूसाठी स्वतंत्र कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे निवडलेल्या अक्षरांपुरता फॉन्ट, आकार आणि भाषा यांचा नाव देऊन ठेवलेला संच. नवी स्टाइल घ्या, प्रकार ‘कॅरेक्टर’ निवडा, फॉरमॅटमधून फॉन्ट उघडा आणि फक्त कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या रकान्यात एसबीएल हिब्रू किंवा एझरा एसआयएल हा फॉन्ट ठेवा. आकारही तिथेच ठरवा. मराठी १२ असेल तर स्वरचिन्हांसह हिब्रू १४ ते १६ बरे दिसते. त्याच स्टाइलमध्ये भाषा हिब्रू करा आणि शुद्धलेखन तपासणी बंद ठेवा. शब्द लिहून झाला की कंट्रोल व स्पेस दाबून स्टाइलमधून बाहेर या. मराठी मजकुराचा फॉन्टही हाताने न बदलता ‘नॉर्मल’ स्टाइलमधून बदला, म्हणजे हिब्रू जागचे हलत नाही. आधीच लिहिलेला हिब्रू मजकूर शोधायचा तर शोध-पेटीत अक्षरे न लिहिता फॉरमॅटमधून भाषा म्हणून हिब्रू निवडा. हिब्रू कीबोर्डाने लिहिलेले सगळे सापडते. दुसरीकडून चिकटवलेल्या मजकुरावर चुकीच्या भाषेची खूण असू शकते, तो वेगळा पाहावा लागतो.

हिब्रू ठळक करू नका. या अभ्यासकी फॉन्टना ठळक रूप नसते. मग वर्ड रेषा नुसत्या फुगवतो आणि दागेशचा (हिब्रू अक्षराच्या पोटातल्या उच्चारखुणेचा) ठिपका अक्षरात बुडून जातो.

प्रश्न : हिब्रू शब्दानंतर अध्याय आणि ओवीचे आकडे लिहिले की ते उडी मारून शब्दाच्या डावीकडे जातात. कंस आणि पूर्णविरामही भलतीकडे दिसतात.

उत्तर : फाइलमध्ये सगळे वाचनाच्या क्रमानेच साठते, पडद्यावर कोणते अक्षर कुठे दाखवायचे, हे युनिकोडचे दिशेचे नियम ठरवतात. हिब्रू अक्षर पक्के उजवीकडून डावीकडे जाणारे, तर देवनागरी, ग्रीक आणि लॅटिन पक्की डावीकडून उजवीकडे जाणारी. कंस, स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नसते, ती शेजाऱ्यांकडून घेतात. इंग्रजी आकडे या दोहोंच्या मध्ये पडतात. हिब्रू शब्दापाठोपाठ आले की ते हिब्रूच्याच प्रवाहात ओढले जातात आणि डावीकडे दिसतात. देवनागरी आकड्यांना मात्र पक्की डावीकडून उजवीकडची दिशा दिलेली आहे, म्हणून तेच संदर्भ देवनागरी आकड्यांत लिहिले की जागेवर राहतात. मराठी लेखात त्यासाठी तरी देवनागरी आकडेच वापरावेत.

इंग्रजी आकडे हवेच असतील तर हिब्रू शब्द आणि आकडा यांच्यामध्ये ‘लेफ्ट-टू-राइट मार्क’ हे अदृश्य चिन्ह टाका. वर्डमध्ये ते इन्सर्ट, सिम्बॉल, स्पेशल कॅरेक्टर्स इथे मिळते. लिब्रेऑफिसमध्ये इन्सर्टमधल्या फॉरमॅटिंग मार्कमध्ये आहे. ते दिसत नसेल तर आधी संगणकावर हिब्रू भाषा जोडा आणि लिब्रेऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये सीटीएल चालू करा. वर्डमध्ये एक सवय फार उपयोगी पडते : हिब्रूचे शेवटचे अक्षर झाले की मोकळी जागा किंवा विराम लिहिण्याआधीच कीबोर्ड मराठीवर आणा. वर्ड अशा चिन्हांची दिशा टंकताना चालू असलेल्या कीबोर्डावरूनही ठरवतो.

संपूर्ण परिच्छेद हिब्रूत असेल तर नुसते उजवीकडे टेकवून भागत नाही. परिच्छेदाचीच दिशा बदला (वर्डमध्ये कंट्रोल व उजवी शिफ्ट), नाहीतर शेवटचा पूर्णविराम चुकीच्या टोकाला जाईल. आणि शब्द जोडताना साधी आडवी रेघ न वापरता हिब्रूचा मक्काफ वापरा. त्याला स्वतःची दिशा असल्याने तो घसरत नाही.

प्रश्न : ग्रीकमध्ये काही स्वर बाकीच्यांपेक्षा जाड दिसतात, आणि शोध घेतला तर डोळ्यांसमोर असलेला शब्दही सापडत नाही.

उत्तर : जाडीचे कारण फॉन्ट. आधुनिक ग्रीकला एकच स्वराघात पुरतो. ग्रीसने १९८२ मध्ये ती पद्धत अधिकृत केली. प्राचीन ग्रीकची श्वासचिन्हे आणि इतर स्वराघात असलेले तयार स्वर युनिकोडच्या वेगळ्या विभागात (१एफ ने सुरू होणारे क्रमांक) आहेत, आणि अनेक फॉन्टमध्ये तो विभागच नसतो. तेवढीच अक्षरे मग दुसऱ्या फॉन्टमधून येतात. जेन्टियम प्लस, एसबीएल ग्रीक किंवा कार्डो वापरा. ‘सिम्बॉल’ फॉन्ट गणितातल्या चिन्हांपुरताच ठेवा.

शोध फसतो, कारण तीव्र स्वराघातासह अल्फा दोन क्रमांकांवर आहे : ०३एसी आणि १एफ७१. शिवाय साधा अल्फा आणि त्यावर सुटे चिन्ह हा तिसरा मार्ग. दिसायला तिन्ही सारखे, युनिकोडनेही समान मानलेले, पण अनेक प्रोग्रॅम शोधताना ते वेगळे धरतात. सगळा मजकूर ‘एनएफसी’ या रूपात (युनिकोडने ठरवलेले, अक्षर आणि चिन्ह एकत्र जोडलेले एकच रूप) आणला की सर्वत्र ०३एसी होतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून अवतरणे चिकटवलेल्या लेखाला हे करून घ्याच.

प्रश्न : विंडोजवर ग्रीक आणि हिब्रू टंकायला कोणता कीबोर्ड घ्यावा?

उत्तर : भाषांच्या सेटिंगमध्ये ग्रीक जोडून ‘ग्रीक पॉलिटॉनिक’ निवडा. त्यात चिन्हाची कळ आधी आणि स्वर नंतर. शब्दान्तीचा सिग्मा डब्ल्यूच्या कळेवर आहे, तो आपोआप होत नाही. हिब्रूसाठी ‘हिब्रू (स्टँडर्ड)’ घ्या. त्यात स्वरचिन्हे उजव्या आल्टसह येतात. काफ, मेम, नून, पे आणि त्सादी यांच्या शब्दान्ती रूपांना स्वतंत्र कळा आहेत. कीबोर्ड बदलायला विंडोज व स्पेस. हिब्रूत बॅकस्पेसने फक्त शेवटचे चिन्ह पुसले जाते, अक्षर राहते.

प्रश्न : छापायला दिलेल्या फाइलमध्ये हिब्रूची खालची चिन्हे कापली गेली.

उत्तर : परिच्छेदातील ओळींचे अंतर ‘एक्झॅक्टली’ असेल. ते ‘अ‍ॅट लीस्ट’ करा. छापायला शक्यतो पीडीएफच द्या. वर्ड फाइलच द्यावी लागली तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे फॉन्ट फाइलमध्ये समाविष्ट करण्याची खूण करा, आणि पलीकडे दुरुस्त्या होणार असतील तर ‘वापरलेलीच अक्षरे’ ही त्याखालची खूण काढून टाका. फॉन्टचा परवाना समाविष्ट करू देत नसेल तर वर्ड तो सोडून देतो, म्हणून फाइल पाठवण्याआधी ते फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहा.