टिप किती द्यावी आणि कुठे देऊ नये

प्रश्न : आम्ही निवृत्त पती-पत्नी मुलीकडे अमेरिकेत डॅलसला जाणार असून परतताना काही दिवस टोकिओत थांबणार आहोत. नाशिकमध्ये हॉटेलात जेवण झाले की बडीशेपेच्या बशीत वीस-तीस रुपये ठेवून आम्ही उठतो. तिकडे मात्र बिलाच्या पाचव्या हिश्शाइतकी टिप द्यावी लागते, असे मुलगी सांगते. ही सक्ती आहे का? जपानमध्येही तसेच करावे का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कायद्याने सक्ती नाही, तरीही डॅलसमध्ये टेबलावर बसून जेवलात, तर टिप हा जेवणाच्या किमतीचाच भाग समजावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर असले, तरी टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१पासून बदललेला नाही. टिप धरूनही ७.२५ डॉलर भरत नसतील, तर फरक मालकाने द्यायचा असतो. अनेक राज्यांनी याहून अधिक वेतन ठरवले आहे, कॅलिफोर्नियात तर मालकाला ही सवलतच नाही. डॅलस ज्या राज्यात आहे, त्या टेक्सासमध्ये मात्र केंद्रीय आकडेच लागू आहेत. त्यामुळे आपण टिप दिली नाही, तर कोणी अडवणार नाही, पण वाढणाऱ्याच्या मजुरीतला मोठा वाटा बुडेल. खर्च आवरायचाच असेल, तर बाहेर जेवण्याच्या वेळा कमी कराव्यात, टिप कापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साधारण प्रमाण १५ ते २० टक्के असते आणि ते कर लागण्यापूर्वीच्या रकमेवर काढले तरी चालते. समजा, जेवणाचे ६० डॉलर झाले. डॅलसमध्ये त्यावर ८.२५ टक्के विक्रीकर, म्हणजे ४.९५ डॉलर लागून बिल ६४.९५ डॉलर होईल. १८ टक्क्यांप्रमाणे टिप १०.८० डॉलर, म्हणजे एकूण ७५.७५ डॉलर. कार्डाने पैसे देताना आपल्याकडच्या माणसाचा गोंधळ उडतो तो इथेच. वेटर कार्ड घेऊन जातो आणि ६४.९५ डॉलरची पावती आणतो. तिच्यावर टिपची ओळ कोरी असते. तिथे टिप आणि खाली एकूण रक्कम आपण स्वतः लिहून सही करायची. मोबाइलवर आधी कमी रकमेचा संदेश येतो आणि पुढे खात्यातून टिपसह रक्कम वळती होते. ती फसवणूक नव्हे. मंडळी सहा-आठ असतील, तर बिलात टिप आधीच धरलेली असू शकते, म्हणून सही करण्यापूर्वी बिल वाचावे. नाहीतर दोनदा दिली जाते. टॅक्सीचालकालाही साधारण १५ टक्के देतात. कॉफीच्या काउंटरवर मात्र पैसे भरण्याच्या यंत्राचा पडदा आपल्याकडे वळवून २० टक्क्यांचे बटण पुढे केले जाते, तिथे संकोच न करता ‘नको’ म्हणावे. कप हातात देण्यापलीकडे तिथे सेवा नसते.

जपानमध्ये याच्या अगदी उलट आहे. टेबलावर पैसे ठेवून निघालात, तर विसरले असतील असे समजून वाढणारा ते परत द्यायला रस्त्यापर्यंत येऊ शकतो. बिल बहुधा गल्ल्यावर द्यायचे असते; नोटा हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवाव्यात आणि सुटे पैसे येतील ते सगळे घ्यावेत. र्‍योकान, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहात, खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला काही पाहुणे आल्याआल्या पाकिटात घालून थोडी रक्कम देतात, पण तशी अपेक्षा नसते. दिलीच, तर उघडी नोट देऊ नये.

प्रश्न : आम्ही गटासोबत लंडन, पॅरिस आणि रोमला जात आहोत. सहल कंपनीने टिपचे पैसे आधीच घेतले आहेत. वर आणखी द्यावे लागतील का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ही रक्कम बहुधा बसचालक आणि मार्गदर्शकांसाठी असते, नेमकी कोणासाठी, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. मग त्यांना पुन्हा देण्याचे कारण नाही. आपण स्वतंत्रपणे जेवायला गेलात, तर पॅरिसमध्ये सेवेचे पैसे दरपत्रकातील किमतीत कायद्यानेच धरलेले असतात. वर एखाद-दोन युरोची नाणी ठेवली तरी पुष्कळ. लंडनमध्ये बिलात बऱ्याचदा १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेले असते. ते ऐच्छिक असेल आणि सेवा वाईट असेल, तर काढायला सांगता येते. १ ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमध्ये मालकाला त्यातील काहीही स्वतःकडे ठेवता येत नाही, तेव्हा सेवा बरी असेल तर ते राहू द्यावे. इटलीत बिलावर माणशी ‘कोपेर्तो’ लावलेला दिसू शकतो. तो ब्रेड आणि टेबलाच्या मांडणीसाठी घेतलेला आकार असतो, टिप नव्हे, आणि तो दरपत्रकात आधी छापलेला आहे की नाही, हे बसतानाच पाहून घ्यावे.