लंडनहून ॲमस्टरडॅमला जायला 2 तास 20 मिनिटं आणि परत यायला फक्त 20 मिनिटं, असं कसं?

तुम्ही तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी केलीत, घोळ तिथेच झालाय. तिकिटावर प्रत्येक ठिकाणची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि नेदरलँड्सचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं. म्हणजे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून सकाळी 9ला निघालात आणि ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर 11:20ला उतरलात, तेव्हा लंडनमध्ये 10:20च वाजलेले असतात. परतताना तोच तास पदरात पडतो, म्हणून 12चं विमान 12:20ला 'पोचतं'. खरा प्रवास दोन्हीकडे 1 तास 20 मिनिटांचा. उन्हाळ्याचं घड्याळ दोन्ही देश एकाच दिवशी बदलतात, त्यामुळे हा फरक बारा महिने तेवढाच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अंतर इतकं कमी असून एवढा वेळ का लागतो? सरळ रेषेत साधारण 370 किलोमीटर. ताशी 800च्या वेगाने अर्धा तास पुरायला हवा, नाही का? पण कंपनी वेळ धरते ती गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंत. हवेत जेमतेम पाऊण-एक तास जातो. विमान वर चढतं, चहाचा कप हातात येतो, तोवर सीट सरळ करायची सूचना होते.

उरलेली मिनिटं जमिनीवर खर्च होतात. मी स्किपोलजवळ ॲमस्टेलव्हीनला राहतो, हा फेरा बऱ्याचदा केलाय. स्किपोलला पोल्डरबान नावाची धावपट्टी आहे. 2003 साली सुरू झाली. वस्तीला आवाजाचा त्रास कमी व्हावा म्हणून ती टर्मिनलपासून पार लांब बांधलीय. मागच्या खेपेला तिच्यावर उतरलो. शेजारचे आजोबा लगेच पट्टा सोडून बॅग काढायला उभे राहिले, हवाई सुंदरीने त्यांना दोनदा बसवलं. विमान आपलं चालतंच आहे! खिडकीतून पाहिलं तर खालून हायवेवरचे ट्रक चाललेले आणि आम्ही पुलावरून त्यांच्या डोक्यावरून. गेट यायला पंधरा मिनिटं गेली.

उलट दिशेला अडचण हवेत येते. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच आणि दिवसभर भरलेल्या. नंबर लागेपर्यंत पूर्वेकडून येणाऱ्या विमानांना लंडनच्या ईशान्येला, एसेक्सच्या बाजूला असलेल्या लॅम्बर्न या ठिकाणावर घिरट्या घालायला लावतात. एक घिरटी साधारण चार मिनिटांची. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक करतात, म्हणून कधीकधी उशिरा निघालेलं विमानही वेळेवर पोचतं.

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा नेदरलँड्समध्ये चालत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा काढा. स्किपोलला उतरल्यावर पासपोर्टची रांगही आहेच. तुम्हाला न्यायला कुणी येणार असेल तर त्याला 11:20 सांगू नका, बाराच्या सुमारास ये म्हणा. तिथलं पार्किंग महाग आहे.