ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने सलोमन सुल्झर या ज्यू गायकासाठी खरंच हिब्रू स्तोत्राला चाल लावली होती का?

हो, १८२८मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी शूबर्टने बायबलमधल्या ९२व्या स्तोत्राला मूळ हिब्रू शब्दांतच चाल लावली. सुल्झर (१८०४–१८९०) व्हिएन्नाच्या मुख्य सिनेगॉगचे (ज्यू प्रार्थनास्थळाचे) हझान होते, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे. त्यांचा बॅरिटोन आवाज इतका विलक्षण होता की फ्रान्झ लिस्टसारखे ज्यू नसलेले संगीतकारही तो ऐकायला येत. शब्बाथचं, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, हे स्तोत्र पुढे सुल्झर यांच्याच ‘शीर त्सियोन’ या संग्रहात छापलं गेलं. मात्र संग्रहातली प्रत्येक रचना त्यांची नाही. काही त्यांनी शहरातल्या ख्रिस्ती संगीतकारांकडून करून घेतल्या. त्यांचं खरं मोठं काम वेगळंच: परंपरेच्या जुन्या चालींवर चढलेली अनावश्यक नक्षी उतरवून त्या हझान आणि गायकवृंदासाठी नव्याने बांधणं.