सोसायटीच्या गार्डला कुणाला पकडून ठेवता येतं का? पोलीस आणि गार्ड यांत नेमका फरक काय?

‘पैसे आपण देतो, मग गार्डने पोलिसांसारखं काम का करू नये’ असं तुम्ही विचारलंय. अगदी हेच वाक्य मी एका सेक्रेटरींच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहितो. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, घर इंदुरात सुदामा नगरला, सध्या एका सिक्युरिटी एजन्सीत सुपरवायझर.

बायपासकडची एक मल्टी, म्हणजे फ्लॅटची इमारत, आमच्याकडे होती. तिथल्या पार्किंगमधून एका फ्लॅटवाल्याची गिअरची सायकल गेली. दुपारी भंगार गोळा करणारा एक पोरगा गेटवर आला, तेवढ्यावरून सेक्रेटरी साहेबांनी ठरवून टाकलं की हाच चोर. गार्डला हुकूम सुटला: याला मीटर रूममध्ये घाल, बाहेरून कडी लाव, कबूल करेपर्यंत उघडायचं नाही. गार्ड रीव्याकडचा, अंगाने दांडगा पण डोक्याने थंड. त्याने कडी न लावता मला फोन लावला. मी पोचलो तेव्हा पोरगा दारात उकिडवा बसलेला, पोतं गुडघ्यांत घट्ट धरून, आणि साहेब हिंदीतून गार्डवर डाफरताहेत. मी मराठीत बोलल्यावर आवाज जरा उतरला. म्हणाले, “अहो, तुम्ही तर आपलेच. समजवा ना याला. दर महिन्याला पैसे कशाचे मोजतो आम्ही?”

मी म्हटलं, “गेट सांभाळायचे मोजता साहेब, कोठडीचे नाही. सायकल नेताना कुणी पाहिलं का? नाही ना? मग ११२ लावा.”

लावला नाही. पोरगा पोतं उचलून गेला आणि त्याच महिन्यात आमचं कंत्राटही गेलं.

कायदा आपल्या कामापुरता एवढाच आहे: दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) असा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तर कोणीही नागरिक त्या माणसाला धरू शकतो, आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०. गार्डला याहून तसूभर जास्त अधिकार नाही. संशयावरून धरणं, चौकशी, झडती हे पोलिसांचं काम, आणि त्याचा जाब त्यांना कोर्टात द्यावा लागतो. मॉलमध्ये तुम्ही बॅग उघडून दाखवता ती तुमच्या मर्जीने. नाही म्हणालात तर फार तर आत सोडणार नाहीत. मीटर रूमला कडी लागली असती तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२७, बेकायदा कोंडून ठेवण्याचं, लागलं असतं; कबुलीसाठी कोंडलं म्हणून तीन वर्षांपर्यंत कैद. आधी अडकला असता गार्ड. साहेब म्हणाले असते, मी कुठे सांगितलं!

आमच्यानंतर जी एजन्सी आली तिची पोरं खाकीत, खांद्यावर फिती. साहेब खूश, अगदी ठाणं वाटतं म्हणे. २००५ च्या पसारा कायद्यात, म्हणजे खासगी सिक्युरिटी एजन्सींच्या कायद्यात, पोलिसांसारखी वा फौजेसारखी वर्दी घालायला मनाई आहे, शिक्षा गार्डलाही आणि एजन्सीच्या मालकालाही. मी फौजेची वर्दी इतकी वर्षं अंगावर वागवली, त्यामुळे मला हा प्रकार जास्तच झोंबतो, हे मान्य.

पोलीस सोवळे आहेत असं म्हणत नाही. ठाण्यात सायकलची तक्रार लिहून घ्यायला किती खळखळ होते ते पाहिलंय. पण तिथे वर जाता येतं. इंदुरात २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, ठाण्याने नाही ऐकलं तर डीसीपी (पोलीस उपायुक्त), तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेट. आणि हो, आमची पोरं रात्री पेंगतात, तेही खरं. बारा तासांची ड्युटी, वर पाण्याची मोटर, गाड्या पुसणं, चौथ्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या. यातलं एकही काम करारात नसतं. विमानतळावरचे सीआयएसएफवाले मात्र यात धरू नका, ते केंद्राचं दल आहे.

तुमच्याकडे नवी एजन्सी येणार असेल तर पसाराचं लायसन्स बघा, पाच वर्षांची मुदत उलटून गेलेली नाही ना तेही बघा. गार्डचं फोटो ओळखपत्र आणि ट्रेनिंगचा दाखला मागा. नवख्या माणसाला केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे वर्गात १०० तास आणि मैदानावर ६० तास लागतात. त्या साहेबांनी यातलं काहीएक मागितलं नव्हतं. आमच्याकडेही नाही, नव्यांकडेही नाही. दोन्ही वेळा फक्त दर विचारला.