पुस्तकं गमतीनं लावायची, पण सापडतील अशी

प्रश्न : आमच्या छोट्या वाचनालयात सहाशे पुस्तकं आहेत. मुलांनी कप्प्यांना नावं सुचवलीत : 'एका बैठकीत', 'उशीएवढी जाड', 'रुमाल घेऊन बसा'. अशी मांडणी टिकेल का?

उत्तर : जरूर करा. कसोटी एकच. ज्यानं पुस्तक वाचलेलं नाही, त्यालाही ते परत नेमक्या कप्प्यात ठेवता आलं पाहिजे. 'एका बैठकीत' म्हणजे १२० पानांपर्यंत आणि 'उशीएवढी जाड' म्हणजे ५०० पानांच्या वर, असं ठरवलंत की शेवटच्या पानाचा आकडा पाहून कुणीही ते लावेल. 'रुमाल' मात्र फसतो. एकाला जिथं रडू येतं तिथं दुसरा हसतो, आणि एकाच कादंबरीच्या दोन प्रती खोलीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. तो कप्पा मुलांना हवाच असेल, तर कोणती पुस्तकं त्यात जातील हे एकदाच ठरवा आणि लगेच पुस्तकावर खूण करा.

खुणेची रीत अशी. दाखल नोंदवहीतला (आलेलं प्रत्येक पुस्तक जिथं नोंदवतो त्या वहीतला) क्रमांक शीर्षकपानाच्या मागे पेन्सिलनं लिहा. पाठीवर, म्हणजे पुस्तक कप्प्यात उभं असताना दिसते त्या अरुंद बाजूवर, खालच्या कडेपासून अडीच सेंटिमीटर वर चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर विषयाचा अंक (तो कुठला, ते शेवटच्या उत्तरात) आणि त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं. चिठ्ठीच्या वर कप्प्याचा रंगीत ठिपका. गंमत फक्त त्या ठिपक्यात ठेवा. उद्या मुलांनी कप्प्याचं नाव बदललं तर पाटी बदलेल, कप्पाच मोडला तर ठिपका निघेल, पण क्रमांकाला हात लागणार नाही. आणि कप्पा पाऊणच भरा. गच्च भरला की पुस्तक पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढलं जातं आणि पाठ तिथंच फाटते.

प्रश्न : रंगानुसार किंवा उंचीनुसार लावली तर?

उत्तर : उंचीला मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकातले इंग्रज रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स यांनी आपली सुमारे ३,००० पुस्तकं बुटक्यापासून उंचापर्यंत क्रमानं लावली, आणि वरची रेघ सरळ दिसावी म्हणून बुटक्यांखाली लाकडी ठोकळे ठेवले! जागा वाचते हे खरं, पण मध्ये एक नवं पुस्तक आलं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. रंगाचं तर आम्ही सुचवणारच नाही. नवी आवृत्ती वेगळ्या रंगात येते, तीन भागांची कादंबरी तीन कप्प्यांत जाते, खिडकीजवळच्या पाठी उन्हानं फिकट होतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी चौथं आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. रंगाची मांडणी नेमका तोच खाते.

प्रश्न : विषयवार क्रम न मोडता हसवता येईल?

उत्तर : येईल, आणि आमच्या मते हीच सगळ्यांत चांगली वाट. १८७६ साली सुरू झालेल्या ड्यूई दशांश पद्धतीत प्रत्येक विषयाला एक अंक असतो : भुतं १३३.१ ला, लोककथा ३९८.२ ला, मांजरं ६३६.८ ला, स्वयंपाक ६४१.५ ला. अंक तसेच ठेवा आणि कप्प्याच्या कडेला मुलांच्या हातच्या पाट्या लावा. १३३.१ : 'दिवा चालू ठेवून वाचा.' ६४१.५ : 'जेवून या.' ६३६.८ : 'हाक मारली तरी येणार नाहीत, हातानंच काढा.'