एडीपीओ (सहायक जिल्हा अभियोजन अधिकारी, म्हणजे खालच्या कोर्टात सरकारतर्फे खटला चालवणारा वकील) झाल्यावर राज्याच्या अभियोजन संचालकपदापर्यंत, म्हणजे सरकारी वकिलांच्या खात्याच्या प्रमुखपदापर्यंत, पोहोचता येतं का?
नुसत्या बढतीच्या भरवशावर राहू नका. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम 20 प्रमाणे संचालक व्हायला किमान 15 वर्षांची वकिली हवी, नाहीतर सत्र न्यायाधीशपदाचा अनुभव. फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षं नि त्याहून जास्त शिक्षेचे खटले त्याच्या नजरेखाली; 7 वर्षं किंवा जास्त पण 10 पेक्षा कमी शिक्षेचे उपसंचालकाकडे.

खरं शिक्षण मात्र खालच्या कोर्टातच. माझा भाचा इथे इंदूरला एडीपीओ आहे. पोलिसांचं चालान (आरोपपत्र) आलं की आधी जप्तीपत्रकावरची वेळ एफआयआरशी ताडून बघतो. घोळ दिसला की लगेच ठाण्यात फोन. (घरी दुधाच्या पिशवीवरचीही तारीख तपासतो, बायको वैतागते.)